मे महिन्यात टिकेल असा एलईडी पट्टीचा दिवा: अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर घरच्या घरी

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर नसलेल्या खोलीतली हवा ४० अंशांच्या आसपास असते. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ती आणखी तापते. एलईडी पट्टीच्या पाकिटावर मात्र चालण्याचं कमाल तापमान बहुतेक वेळा ४५ किंवा ५० अंश असं छापलेलं असतं. म्हणजे बटण दाबायच्या आधीच आपण त्या मर्यादेजवळ पोचलेलो असतो. प्लायवर किंवा पीओपीच्या खाचेत नुसती चिकटवलेली पट्टी इथे एका उन्हाळ्यात पिवळी पडते, दोन-तीन दिव्यांचे तुकडे विझायला लागतात आणि गोंद सुटून ती लोंबते. दुकानदार म्हणतो, माल हलका होता. पुष्कळदा माल बरा असतो, पण पट्टीची उष्णता निघून जायला वाटच ठेवलेली नसते.

ही वाट धातूची असते. अभ्यासाच्या टेबलावर किंवा शिलाई मशीनवर लावता येईल असा चार फुटी दिवा अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर कसा बांधायचा, ते इथे सांगतो. चॅनल कसं निवडायचं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या कामाचा आधार तेच आहे.

उष्णतेचा हिशेब

एलईडीला दिलेल्या विजेतला साधारण एक तृतीयांश भाग प्रकाश होतो, उरलेली उष्णता. मीटरला १० वॅटची पट्टी घेतली तर दर मीटरमागे सुमारे ७ वॅट उष्णता बाहेर काढायची आहे. आकडा लहान दिसतो, पण पट्टी जेमतेम १० मिलिमीटर रुंद असते. हवेत नुसती लटकवली तर ती खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंश तापते. प्लायवर चिकटवली की मागची बाजू बंद होते आणि हाच फरक पस्तीस-चाळीस अंशांवर जातो. चाळीस अंशांच्या खोलीत पट्टी ७५ ते ८० अंशांवर, आणि आतली चिप त्याहून गरम. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. सतत तापलं की तो थर आणि वरचं पारदर्शक आवरण दोन्ही बिघडतात. प्रकाश उतरतो आणि रंगही बदलतो.

आता तीच पट्टी ५० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर उंच कडांच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम सी-चॅनलवर लावा. चार फुटी तुकड्याचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ मिळून साधारण पाव चौरस मीटर भरतं. पट्टीच्या दोन ओळी, मिळून २३ वॅट, त्यातली १६ वॅट उष्णता. साध्या अ‍ॅल्युमिनियमवर हा दिवा खोलीपेक्षा बारा ते पंधरा अंशच वर राहतो. चॅनल अ‍ॅनोडाइज्ड किंवा पावडर कोटिंगचं असेल तर आठ-नऊ अंश. या थराने हा फरक पडतो, कारण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे किरण फारच कमी सोडतं, तर अ‍ॅनोडाइज्ड किंवा रंगवलेला पृष्ठभाग भरपूर सोडतो. पंखा नसलेल्या जागी थंड होण्याचा जवळपास अर्धा वाटा या किरणांचा असतो. खिडकीच्या तपकिरी किंवा पांढऱ्या सेक्शनचे तुकडे मिळाले तर म्हणूनच ते आनंदाने घ्या.

लोखंड चालेल का, असं अनेकजण विचारतात. जीआय पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) अगदीच टाकाऊ नाही, पण अ‍ॅल्युमिनियमच्या चौथ्या भागाइतकीच उष्णता वाहून नेतो आणि गंजतो. स्टेनलेस स्टील तर उष्णतेच्या बाबतीत फारच सुस्त, ते नको. ऑनलाइन मिळणाऱ्या, दुधी झाकण असलेल्या बारीक प्रोफाइल मीटरला पाच-सहा वॅटच्या सजावटीच्या पट्टीला ठीक आहेत. कामाच्या दिव्यासाठी त्यात धातूच पुरेसा नसतो.

बाजारात काय बघायचं

चॅनलसाठी दुकानातून पूर्ण लांबी विकत घेण्याची गरज नाही. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे कटपीस पडलेले असतात आणि ते वजनावर मिळतात. आपल्या तुकड्याचं वजन साधारण ६५० ग्रॅम भरेल. फारच हलका लागला तर जाडी १ मिलिमीटरच्या आसपास आहे असं समजा. तोही चालेल, पण वाकतो. हॅक्सॉची पाती, कानस, स्क्रू, रॉल प्लग हे इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळेल, आणि पट्टी, पॉवर सप्लाय, सोल्डर हे सीताबर्डीत, मोदी नंबरच्या गल्ल्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत.

पट्टी घेताना १२ व्होल्टची, २८३५ चिपची, मीटरला १२० एलईडी आणि ९.६ वॅट लिहिलेली घ्या. रुंदी ८ ऐवजी १० मिलिमीटर असेल तर तांबं जास्त मिळतं. अभ्यासाला आणि शिवणकामाला ४००० केल्विनचा नॅचरल व्हाइट डोळ्यांना सुखाचा. कूल व्हाइटची निळसर झाक रात्री त्रास देते असं माझं मत आहे. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चा माल मिळाला तर दोऱ्यांचे रंग नीट ओळखू येतात. सिलिकॉनचा थर असलेली आयपी६५ पट्टी घरात नको. ओलाव्यापासून ती वाचते खरी, पण तो थर उष्णता कोंडून ठेवतो.

दुकानातच एक तपासणी करून घ्या. एक मीटर पट्टी १२ व्होल्टवर लावून दुकानदाराच्या मीटरवर करंट बघा: ९.६ वॅटच्या पट्टीने साधारण ०.८ अँपिअर घ्यायला हवा. अर्धाच घेत असेल तर छापील आकडा खोटा आहे. अख्ख्या ५ मीटर रिळावर ही चाचणी करू नका. लांब पट्टीत व्होल्टेज पडत जाऊन आकडा कमी दिसतो, आणि गुंडाळलेलं रीळ चालू ठेवलं तर आतले वेढे जळण्याइतके तापतात.

पॉवर सप्लायचं गणित सोपं आहे. २३ वॅट म्हणजे १२ व्होल्टला १.९ अँपिअर. ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा एसएमपीएस (घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) घेतला की तो दोन तृतीयांश भारावर चालतो. एसएमपीएसची पूर्ण क्षमता सहसा ४०-५० अंशांपर्यंतच धरलेली असते, त्यानंतर ती उतरते, म्हणून नागपुरात ही मोकळीक चैन समजू नका. जाळीच्या धातूच्या डब्यातला, टर्मिनलजवळ बारीक पिवळसर स्क्रू असलेला घ्या. त्या स्क्रूने आउटपुट व्होल्टेज थोडं कमीजास्त करता येतं, आणि ते पुढे फार उपयोगी पडतं.

कापणं, घासणं, पुसणं

चॅनल १२२० मिलिमीटर, म्हणजे चार फूट कापा. अ‍ॅल्युमिनियमला बारीक दातांचं पातं, हलका दाब. कापल्यावर कडा कानशीने मारा. आतल्या कोपऱ्यातली कुसळं विसरू नका, कारण तीच पुढे वायरचं आवरण कापतात. दोन्ही टोकांना टांगण्यासाठी ४ मिलिमीटरची भोकं, आणि एका टोकाजवळ वायरसाठी ८ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट बसवा. भोकं आताच पाडायची. पट्टी चिकटवल्यावर ड्रिल चालवलं की धातूचा कीस एलईडीच्या टोकांत जाऊन बसतो.

पट्टी आतल्या बाजूला लागणार आहे, तोंड खाली. बाजूच्या २५ मिलिमीटरच्या कडा मग पडद्याचं काम करतात आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट एलईडी येत नाही. आतल्या तळावर दोन रेषा आखा, दोन्ही एकमेकींपासून २२ मिलिमीटर आणि दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. पट्टी लागणार तेवढा भाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकदा नाही, फडकं काळं होणं थांबेपर्यंत. त्यानंतर बोट लावायचं नाही. उन्हाळ्यात घामाचा हात लागला की गोंद तिथूनच सुटतो.

सोल्डरिंग चिकटवण्याच्या आधी

हा क्रम पाळा. एकदा पट्टी अ‍ॅल्युमिनियमवर बसली की सोल्डरिंगच्या इस्त्रीची सगळी उष्णता चॅनल ओढून घेतं, सोल्डर वितळत नाही, माणूस इस्त्री दाबून धरतो आणि तांब्याची टिकली उखडते.

१२ व्होल्टची ही पट्टी दर तीन एलईडींनी, म्हणजे २५ मिलिमीटरवर कापता येते. कात्रीची खूण तांब्याच्या टिकल्यांच्या बरोबर मधून जाते. ११७५ मिलिमीटरचे दोन तुकडे कापा. दोन्ही टोकांना वीस-बावीस मिलिमीटर मोकळे राहतील. २५ वॅटची इस्त्री, ६०-४० ची सोल्डर वायर, राळेचा फ्लक्स. नळजोडणीचा आम्लाचा फ्लक्स कधीही नको, तो तांबं खातो. आधी टिकलीवर थोडं सोल्डर चढवा, वायरच्या टोकावरही चढवा, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत इस्त्री उचला. अधिकला लाल, उण्याला काळी, आणि दोन्ही ओळी समांतर जोडायच्या: लाल लालला, काळी काळीला. मालिकेत नाही.

जोडणी झाली की मोकळ्या हवेत एक मिनिट लावून बघा. सगळे तुकडे सारखे उजळ असतील तर बंद करा आणि पुढे चला.

चिकटवताना शॉर्ट कसा टाळायचा

पट्टीच्या कापलेल्या टोकाशी तांबं उघडं असतं, आणि खाली धातू आहे. टोक किंचित दबलं, सोल्डरचं टोक खालून बाहेर आलं, की अधिक बाजू चॅनलला टेकते. म्हणून प्रत्येक टोकाखाली आणि सोल्डरच्या जोडाखाली कॅप्टन टेपचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा आधी लावून घ्या. ही सोनेरी पिवळी पॉलिइमाइड टेप उष्णता सहज सोसते आणि इतकी पातळ असते की उष्णतेच्या वाटेत येत नाही. साधी काळी इन्सुलेशन टेप इथे टिकत नाही, तापली की तिचा गोंद वाहतो.

मागचा कागद एकदम न काढता हातभर काढत, रेषेवरून पट्टी बसवत जा. बोट एलईडीवर दाबू नका, एलईडींच्या मधल्या जागेवर दाबा. पट्टीच्या पाठचा मूळ गोंद पातळ असतो. पूर्ण टेकला तर त्याच्यामुळे तापमानात एक अंशाचाही फरक पडत नाही, त्यामुळे थर्मल पेस्टवर पैसे घालवू नका. खरा अडथळा हवेचा बुडबुडा. त्याहून वाईट म्हणजे फोमची जाड डबल टेप: एक मिलिमीटर फोमने पट्टी दहा-पंधरा अंश जास्त तापते आणि चॅनल लावल्याचा बराचसा फायदा वाया जातो. मूळ गोंद हलका वाटला तर दर वीस सेंटिमीटरला एक बारीक प्लास्टिक क्लिप किंवा सिलिकॉनचा ठिपका आधाराला द्या. अशा दाबाच्या गोंदांना पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून चॅनल आडवं ठेवून तेवढी विश्रांती द्या. घाई असेल तर निदान एक रात्र.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक चॅनलच्या घासलेल्या जागी आणि दुसरं आधी लाल, मग काळ्या वायरला लावा. कुठेही आवाज यायला नको. आला तर पुढे जाऊ नका. टोकांखालची टेप पुन्हा बघा.

२३० व्होल्टची बाजू

या भागात सवय नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. दहा मिनिटांचं काम आहे. पट्टीची बाजू १२ व्होल्टची असल्याने हाताला धोका नाही, पण एसएमपीएसच्या फेज-न्यूट्रलच्या टर्मिनलवर घरातली पूर्ण २३० व्होल्टची वीज असते. टर्मिनलवर झाकण हवंच. तीन पिनांचा प्लग, आणि अर्थची हिरवी वायर एसएमपीएसच्या अर्थ टर्मिनलला. तिथूनच एक वायर चॅनलला, रिंग लग आणि स्क्रूने, कोटिंग खरवडून. बंद केल्यावरही एसएमपीएसच्या आत थोडा वेळ भार साठून राहतो, त्यामुळे त्याचा डबा उघडायचा नाही.

एसएमपीएस कुठे ठेवायचा हे बरेचजण शेवटी ठरवतात, आणि मग तो माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये जातो. उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गरम हवा तिथेच कोंडलेली असते. त्याची जागा टेबलाच्या बाजूला, भिंतीवर, हाताच्या उंचीवर, जाळी मोकळी राहील अशी. चॅनलच्या पाठीवर बसवणं देखणं दिसतं, पण मग दोघं एकमेकांना तापवतात. तिथून दिव्यापर्यंत तीन मीटरची, १ चौरस मिलिमीटरची दोन तारांची वायर न्या. एवढ्या वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट पडतं. दिव्यापर्यंत अंतर दहा मीटर असेल, किंवा अख्खी खोलीभर ओळ करायची असेल, तर १२ व्होल्टचा हट्ट सोडा आणि २४ व्होल्टची पट्टी घ्या, करंट निम्मा होतो.

मोजमाप आणि पिवळा स्क्रू

चॅनल टेबलावर त्याच्या नेहमीच्या जागी, पाठीमागे निदान चार सेंटिमीटर हवा राहील असं टांगा. फळीला किंवा स्लॅबला चिकटवून बसवलं तर पाठीचं क्षेत्र गेलं. दोन बारीक साखळ्या किंवा स्पेसरवरचे स्क्रू पुरतात. वरच्या मजल्यावर राहात असाल तर साखळी लांब ठेवून दिवा स्लॅबपासून चांगला खाली आणा.

दोन तास चालू ठेवा, मग मोजा. मल्टिमीटरबरोबर येणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) पट्टीवर दोन एलईडींच्या मध्ये कॅप्टन टेपने दाबून बसवा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटं, बरंच कमी तापमान दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चॅनलवर चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. त्याच वेळी खोलीचं तापमानही लिहून ठेवा, कारण कामाचा आकडा दोहोंतला फरक हा आहे. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत पट्टी ४० दाखवते म्हणून निर्धास्त होऊ नका. फरक १८ आहे, म्हणजे मे महिन्यात ४० च्या खोलीत ती ५८ वर जाईल. पट्टीवर मे महिन्यात ६० च्या आत राहावं असं लक्ष्य धरा. ५८ बसतं. ६५ निघालं तर उपाय करावा लागेल.

उपाय म्हणजे तो पिवळा स्क्रू. या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तिन्ही एलईडी मिळून ९ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेले ३ रेझिस्टरवर पडतात. तुमच्या पट्टीवरच्या रेझिस्टरवर १५१ असा आकडा दिसला तर तो १५० ओमचा, आणि करंट होतो २० मिलिअँपिअर. आता आउटपुट १२ वरून ११.५ व्होल्टवर आणा. एलईडी आपले व्होल्ट फारसे सोडत नाहीत, कपात जवळजवळ सगळी रेझिस्टरवर पडते आणि करंट १७ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. अर्ध्या व्होल्टने वीज आणि उष्णता दोन्ही साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाल्या, आणि प्रकाशातला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. उलट दिशेला हेच गणित वाईट आहे: काही एसएमपीएस कारखान्यातून १२.५ व्होल्टवर येतात आणि पट्टी पहिल्या दिवसापासून जास्त तापते. म्हणून दिवा जोडताना मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघाच. माझा सल्ला असा की नागपुरात तो स्क्रू ११.५ वरच ठेवावा, पट्टी थंड असली तरी.

झाकण, कूलर, किडे

दुधी अ‍ॅक्रिलिकचं झाकण लावायचं की नाही, हे तुमच्या जागेवर आहे. ते पाव भागाच्या आसपास प्रकाश खातं आणि चॅनलच्या आत हवा कोंडतं, त्यामुळे तापमान पाच-दहा अंश वर जाऊ शकतं. टेबल भिंतीला लागून असेल आणि कडांच्या आड एलईडी लपत असतील तर झाकण नको. शिलाई मशीनवर, जिथे मशीनच्या चकचकीत भागांवरून एलईडीचे ठिपके परावर्तित होतात, तिथे लावा, पण टोकं बंद न करता बारीक जाळी लावून मोकळी ठेवा. पट्टी ते झाकण अंतर वीस-बावीस मिलिमीटर मिळतं, एलईडी ८ मिलिमीटरवर असल्याने ठिपके पूर्ण मिटतात. जाळीचा दुसरा उपयोग पहिल्या पावसानंतर कळतो, पंखांचे किडे दिव्यावर तुटून पडतात तेव्हा.

कूलरच्या झोताच्या थेट समोर दिवा टांगू नका. तो झोत चॅनल थंड ठेवेल हे खरं, पण ओली हवा उघड्या सोल्डरवर बसत राहिली की महिन्याभरात हिरवट गंज धरतो. जागा बदलणं शक्य नसेल तर जोडांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा अडवणाऱ्या पारदर्शक थराचा) फवारा किंवा पातळ पारदर्शक लॅकर मारा, एलईडीच्या पिवळ्या तोंडावर मात्र जाऊ देऊ नका.

एप्रिलच्या सुरुवातीला दिवा बंद करून चॅनलची पाठ कोरड्या फडक्याने पुसा आणि एसएमपीएसच्या जाळीवर ब्रश फिरवा. टर्मिनलचे स्क्रूही तेव्हाच आवळून घ्या. पुढे कधी तीनच एलईडींचा एखादा तुकडा विझला तर अख्खी पट्टी काढायची नाही. दोन्ही बाजूंच्या खुणांवर कापून तेवढा तुकडा उचला, खालचा गोंद अल्कोहोलने साफ करा. नव्या तुकड्याला दोन्ही बाजूंना बारीक वायरी आधीच सोल्डर करून ठेवा आणि जोडांखाली कॅप्टन टेप घाला. मग शेजारच्या पट्टीची टोकं चॅनलवरून जराशी उचलून त्या वायरी जोडा आणि पुन्हा दाबून बसवा. अशा दुरुस्तीसाठी त्याच रिळातला हातभर तुकडा पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, कारण दुसऱ्या रिळातल्या पांढऱ्याची छटा याच्याशी जुळत नाही.